जुनी गाडी घेताय? आधी तिचा सातबारा बघा



उसाच्या बिलाचा पहिला हप्ता खात्यावर पडला की आपल्या भागात दोन बाजार तेजीत येतात. एक सराफाचा आणि दुसरा जुन्या गाड्यांचा. पोरांना कॉलेजला तालुक्याला जायचे असते, घरात म्हातारी माणसे असतात, रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागतो. गाडी ही आता चैन राहिलेली नाही. नवी घ्यायची तर आठ-दहा लाख लागतात, म्हणून तीन-चार लाखांत जुनी पाहिली जाते. ट्रॅक्टरचेही तसेच. यात गैर काहीच नाही. आमच्या दारात आज उभी आहे ती गाडीसुद्धा जुनीच घेतलेली आहे आणि सहा वर्षे झाली, तिने एकदाही रस्त्यात सोडलेले नाही.

गैर आहे ते घेण्याच्या रीतीत. बैल घ्यायला बाजारात गेलो तर आपण काय करतो? दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, मानेवर जू देऊन बघतो. कुणाच्या दावणीचा, मारका आहे का, विकतोय कशासाठी, हे चार माणसांना विचारतो. आणि बाजार समितीची पावती खिशात पडल्याशिवाय कासरा हातात घेत नाही. तोच माणूस चार लाखांची गाडी घेताना हायवेला एक चक्कर मारतो, ए.सी. लावून बघतो, गाणी लावून बघतो आणि विसार देऊन मोकळा होतो! फार तर ओळखीचा मिस्त्री बरोबर नेतो. मिस्त्री इंजिन ऐकून सांगेल, गिअर सांगेल, पत्रा ठोकून सांगेल. पण गाडी कुणाच्या कर्जात अडकली आहे, कुठे कुणाला ठोकून आली आहे, कुठल्या पुरात बुडाली होती, हे इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही. इंजिन बिघडले तर पन्नास-साठ हजारांत बांधून होते. कागदात अडकलेला माणूस मात्र वर्षानुवर्षे मोकळा होत नाही.

हे आम्ही घरचे भोगून सांगत आहोत. २०१३ साली आमच्या थोरल्या बंधूंनी घरची जीप विकली. घेणारा तालुक्याच्या गावचा, जुन्या गाड्यांचा धंदा करणारा. माणूस बोलायला गोड. त्याने रोख पैसे मोजून दिले, कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या आणि शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून दिली, की आजपासून गाडीची सर्व जबाबदारी घेणाराची राहील. दादांनी ती नोटरी कपाटात सातबाऱ्याच्या उताऱ्यांत नीट ठेवली आणि विषय संपला असे आम्ही सगळे धरून चाललो.

सव्वादोन वर्षांनी मोटार अपघात दावा प्राधिकरणाची नोटीस दारात आली. जीप दुसऱ्याच जिल्ह्यात, भलत्याच माणसाच्या हातात होती. एका मोटारसायकलवाल्याला धडक बसली होती आणि त्या घरचा कर्ता माणूस गेला होता. गाडीचा विमा केव्हाच संपलेला. आर.सी.वर नाव दादांचे. धंदेवाला म्हणाला, मी तर केव्हाच विकली. ज्याला विकली त्याचा पत्ता भाड्याच्या खोलीचा निघाला आणि खोली रिकामी. वकिलांनी आमची नोटरी वाचली आणि सांगितले, "हा कागद घेऊन तुम्ही त्या व्यापाऱ्याशी भांडा. मेलेल्या माणसाच्या बायकापोरांपुढे तो चालणार नाही." शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली. दोन हंगामांची बिले त्यात गेली. त्या कुटुंबाला पैसे मिळाले ते योग्यच झाले, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ज्या गाडीचे चाकसुद्धा आम्ही दोन वर्षे पाहिले नव्हते, तिचे पैसे आम्ही भरले.

आमची केस काही जगावेगळी नव्हती. सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण गेले होते. गाडी २००७ मध्ये विकलेली, पुढे आणखी हातांतून गेलेली आणि अपघात २००९ मधला. २०१८ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, मोटार वाहन कायद्याप्रमाणे ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच मालक. गाडी कितीही हातांतून गेली असली तरी नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. अपघातग्रस्ताने एकेका खरेदीदाराच्या मागे धावत बसावे अशी कायद्याची अपेक्षा नाही.

आता कुणी म्हणेल, हे तर विकणाऱ्याचे दुखणे झाले, आम्ही घेणारे आहोत. तसे नाही. आज घेणारा उद्या विकणारा असतो. आणि नोंदणीत नाव दुसऱ्याचे असेल तर पैसे देऊनही गाडी कागदोपत्री तुमची नसते. तिचा विमा मागता येत नाही, ती पुढे रीतसर विकता येत नाही आणि पहिल्या मालकाचा वाद निघाला की ती दारातून उचलली जाऊ शकते.

आर.सी. म्हणजे गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण सातबारा बघतो. नाव कुणाचे, इतर हक्कात कुणाचा बोजा, फेरफार कधी झाला. गाडीच्या आर.सी.त नेमके हेच तीन प्रश्न लिहिलेले असतात, फक्त आपण ते वाचत नाही. नाव म्हणजे नोंदणीकृत मालक. इतर हक्क म्हणजे 'हायपोथिकेशन', ज्याला एजंट लोक एच.पी. म्हणतात. आणि फेरफार म्हणजे मालकी बदल. नोटरी केलेला स्टॅम्प हा फार तर साठेखतासारखा समजावा. त्याने फेरफार होत नाही.

आर.सी. हातात घेतली की पहिल्यांदा विकणाऱ्याचे आधारकार्ड मागा आणि नाव जुळवा. नाव वेगळे असेल तर तिथेच थांबा. "गाडी मेव्हण्याच्या नावावर आहे, तो सही देईल" असे म्हणणारे खूप भेटतात. मेव्हण्याला समोर आणा, मगच बोलणी करा. नोंदणीतला मालक मयत असेल तर आधी वारसाच्या नावावर व्हायला हवी. त्यासाठी फॉर्म ३१ आहे. मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे आणि तीन महिन्यांत नाव लावून घ्यायचे असा नियम आहे, पण खेड्यात वडिलांच्या नावची गाडी पोरगा वर्षानुवर्षे तशीच वापरतो. जमिनीला वारस नोंद केल्याशिवाय खरेदी होत नाही हे आपल्याला पटते, मग गाडीला का पटू नये? तीन भावांपैकी एकानेच विकलेल्या गाडीवर बाकीचे दोघे हक्क सांगायला आले तर घेणाराने कुठे जायचे?

आर.सी.वर उत्पादनाचा महिना-साल आणि नोंदणीची तारीख अशा दोन्ही गोष्टी असतात. डिसेंबरात बनलेली गाडी पुढच्या सालात नोंदली गेली की विकणारा नोंदणीचे साल सांगतो. किंमत मात्र उत्पादनाच्या सालावरून करावी. तसेच आत्ताचा मालक कितवा हेही लिहिलेले असते. "सिंगल हँड वापरलीय, डॉक्टरची गाडी आहे" ही थाप त्या एका आकड्याने उघडी पडते. (आमच्या तालुक्यात डॉक्टर जेवढे नाहीत तेवढ्या डॉक्टरांच्या गाड्या विकल्या गेल्या आहेत!)

कार्डावर विसंबून मात्र राहू नका. कार्ड जुने असू शकते, खोटेही असू शकते. केंद्र सरकारच्या परिवहन खात्याची 'वाहन' नावाची संगणकीय नोंद आहे. तिच्या संकेतस्थळावर किंवा 'एम-परिवहन' या मोबाइल ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा केव्हापर्यंत, पी.यू.सी. केव्हापर्यंत, नोंदणीची मुदत आणि गाडीवर कर्जाची नोंद आहे का, हे दिसते. मालकाचे नाव अर्धवट झाकलेले दिसते, पण जुळवायला तेवढे पुरते. कार्डावर एक आणि संगणकात दुसरेच असेल तर संगणक खरा. घरातल्या शाळकरी मुलालाही हे पाच मिनिटांत जमते.

खाजगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क बरेच वाढले आहे. चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली तर पुढच्या वर्षीचा हा खर्च किमतीत धरा.

बोजा

आता कर्जाचे. आपल्याकडे सर्वांत जास्त माणसे इथे फसतात, विशेषतः ट्रॅक्टरमध्ये. विकणारा सांगतो, "कर्ज केव्हाच फिटलंय, फक्त एच.पी. उतरायची राहिलीय. तुमच्या नावावर करताना एकदमच करू." ऐकायला ठीक वाटते. पण कर्ज देणाऱ्या बँकेच्या लेखी संमतीशिवाय आर.टी.ओ. मालकी बदलाची नोंद घेत नाही, हे कायद्यातच आहे. बोजा उतरवायला बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आणि ना-देय दाखला लागतो. हप्ते खरोखर फिटले असतील तर हे कागद मिळायला अडचण कसली? मिळत नसतील तर काहीतरी बाकी आहे असे समजावे.

ती बाकी गाडीच्याच कर्जाची असेल असेही नाही. ट्रॅक्टर फिटला, पण त्याच शाखेत पीककर्ज थकलेले आहे, किंवा तो माणूस दुसऱ्या कुणाला जामीन आहे आणि ते खाते थकलेले आहे. मग बँक ना-देय देत नाही. असे दारात उभे राहिलेले आणि नावावर न होणारे ट्रॅक्टर आम्ही पाहिले आहेत. घेणारा रोज चालवतो, डिझेल घालतो, टायर बदलतो, आणि कागदावर तो कुणीच नसतो.

म्हणून रीत अशी असावी. कर्ज फिटलेले असेल तर आधी बोजा उतरवून आणायला सांगा, मग विसार द्या. कर्ज बाकी असेल आणि तरीही गाडी हवी असेल, तर विकणाराबरोबर स्वतः बँकेत जा, मॅनेजरसमोर बाकी विचारा, तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरा आणि पावती घ्या. उरलेले पैसे मालकाला. "तुम्ही माझ्याकडे द्या, मी भरतो" याला नाही म्हणायला शिका. नातेवाईक असला तरी. नातेवाईक असला तर जरा जास्तच!

आपल्या ऊसपट्ट्यात आणखी एक बोजा असतो, तो आर.सी.वर दिसेलच असे नाही. ट्रॅक्टरवाला ऊस वाहतुकीचा करार करतो, कारखान्याकडून उचल घेतो आणि ती टोळीच्या मुकादमाला देतो. टोळी आली नाही की उचल अंगावर बसते. अशा वेळी घायकुतीला येऊन ट्रॅक्टर विकायला काढला जातो. करारात वाहनासंबंधी काही अट लिहिलेली असू शकते. तेव्हा वाहतूकदाराचा ट्रॅक्टर घेणार असाल तर तो ज्या कारखान्याला करारावर होता तिथल्या शेती खात्यात येणे-बाकीची चौकशी करून घ्या. त्या माणसाची अडचण खरी असेल, त्याच्याबद्दल आम्हालाही वाईट वाटते. पण त्याची अडचण तुम्ही विकत घेऊ नका.

ट्रॅक्टरबरोबर ट्रॉली घेत असाल तर तिची नोंदणी वेगळी असते हे विसरू नका. तिचाही नंबर, तिचेही कागद, तिचाही विमा. "ट्रॉली सोबत फुकट देतो" म्हणणाऱ्याकडे ट्रॉलीचे कागद बहुधा नसतात. आणि ट्रॅक्टरची विमा पॉलिसी वाचा. फक्त शेतीकामासाठी असे लिहिले असेल आणि ट्रॅक्टर भाड्याने ऊस ओढत असेल, तर अपघाताच्या वेळी विमा कंपनी त्याच एका ओळीवर बोट ठेवते.

चेसिस नंबर आणि चोरीचा माल

कागद जुळले की बॉनेट उघडायला सांगा आणि इंजिन नंबर, चेसिस नंबर आर.सी.शी एकेक अक्षर जुळवा. मोटारीचा चेसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो. इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे त्यात येत नाहीत, कारण ती एक आणि शून्य या आकड्यांसारखी दिसतात. मारुतीचा नंबर एमए३ ने सुरू होतो, महिंद्राचा एमए१ ने, टाटाचा एमएटी ने. आकड्यांच्या आसपास घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा असतील तर हात जोडून परत या. आर.टी.ओ.त चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेण्याची जुनी पद्धत आहे. तशी छाप तुम्हीही तिथल्या तिथे घ्या. डोळ्याला न दिसलेली फेरफार छापेत दिसते.

गाडी चोरीची म्हणून कुठल्या पोलीस ठाण्यात नोंदलेली आहे का, हेही आता घरबसल्या पाहता येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' या सेवेत नंबर टाकून चौकशी होते आणि तसा कागदही काढता येतो. त्याची प्रत फाइलला लावून ठेवावी. थकलेली ई-चलने राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर दिसतात. एक्सप्रेसवेवर वेगाचे चलन पडते आणि मालकाला पत्ताही नसतो. चलन नंबरावर चढते, म्हणून व्यवहाराआधीच विकणाराकडून भरून घ्यावे. २०१९ च्या एप्रिलपूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरपाटी बसवली आहे का हेही पाहून घ्या, नाहीतर तो खर्च आणि हेलपाटा तुमच्या वाट्याला येतो.

पुरातून आलेली गाडी

याबद्दल आम्हाला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण हे पाणी आपल्या दाराशी येऊन गेलेले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या महापुराने सांगली-कोल्हापूर बुडाले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले आणि त्याच वेळी चिपळूणही पाण्याखाली गेले. त्याआधी २६ जुलै २००५ ला मुंबईत हेच घडले होते. पाण्यात बुडालेल्या गाडीची दुरुस्ती परवडत नसेल तर विमा कंपनी मालकाला रक्कम देऊन टाकते आणि गाडी लिलावात भंगार म्हणून जाते. त्यातल्या काही गाड्या खरोखरच भंगारात तुटतात. काही धुऊन-पुसून, नवी सीटकव्हरे घालून, अत्तराची बाटली डॅशबोर्डला चिकटवून पुन्हा बाजारात उभ्या राहतात.

पुराचे पाणी म्हणजे नुसते पाणी नव्हे, त्यात गाळ असतो. तो कुठेतरी राहतोच. स्टेपनी बाहेर काढून तिच्याखालच्या खड्ड्यात बोट फिरवा. सीटखालच्या लोखंडी पट्ट्या आणि त्यांचे बोल्ट बघा, कोरड्या घरात उभ्या असलेल्या गाडीला तिथे जाड गंज येत नाही. पट्टा म्हणजे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. रोजच्या वापरात तो अर्धाच बाहेर येतो, उरलेला आत गुंडाळलेला असतो आणि मळक्या पाण्याची रेघ तिथे तशीच राहते. गाडी धुणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. हेडलाइटच्या काचेत आतून धुके, पायाखालच्या गालिच्याला कुबट वास, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट थर, या सगळ्या एकाच गोष्टीच्या खुणा. सात-आठ वर्षांच्या गाडीत गालिचा आणि सीटकव्हर कोरे करकरीत दिसले तर खूश होऊ नका, कशासाठी बदलले ते विचारा.

अशी गाडी पहिले सहा महिने बरी चालते. आजच्या गाड्यांत वायरींचे जाळे आणि संगणकाचे डबे असतात. ते आतून सडत जातात आणि एखाद्या रात्री घाटात दिवे जातात. हा जिवाशी खेळ आहे. इथे किमतीची घासाघीस करूच नये. पन्नास हजार कमी करतो म्हणाला तरी नको.

मीटर आणि अपघात

मीटर मागे फिरवणे हा आता दहा मिनिटांचा धंदा झाला आहे, त्यामुळे मीटरच्या आकड्याला एकट्याने किंमत नाही. दहा वर्षांची डिझेल गाडी आणि मीटरवर चाळीस हजार? म्हणजे वर्षाला चार हजार, महिन्याला साडेतीनशेसुद्धा नाही. डिझेल गाडी घेणारा माणूस एवढे कमी फिरतो का? ब्रेक आणि क्लचच्या पायपट्ट्यांचे रबर गुळगुळीत झालेले, स्टेअरिंगची कातडी चकाकणारी, ड्रायव्हर बाजूचे सीट बसके, आणि मीटर चाळीस हजार दाखवतोय, तर मीटर खोटा आहे. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस केंद्रात गाडीच्या नंबरावर प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि किलोमीटर नोंदलेले असतात. मालकाला बरोबर घेऊन तिथे जा आणि तो उतारा काढा. चांगला मालक याला हरकत घेत नाही. ट्रॅक्टरला तासांचे मीटर असते. ते तोडून ठेवलेले किंवा बंद असेल तर मागचा हूक आणि ड्रॉबारची भोके पाहा. लांबट झिजली असतील तर त्याने ऊस भरपूर ओढलेला आहे, मालक काहीही सांगो.

टायरवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. तसेच प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीची आणि सालाची खूण असते. चार काचा एका सालच्या आणि समोरची भलत्याच कंपनीची असेल तर काच का फुटली ते विचारावे. दगड लागूनही फुटते, पण त्याच बाजूच्या दाराचे बोल्ट पान्याने खरवडलेले दिसले तर दगड नव्हता.

विम्याची चालू पॉलिसी यात फार उपयोगी पडते. वर्षभर दावा केला नाही की पुढच्या वर्षी 'नो क्लेम बोनस' मिळतो. तो २० टक्क्यांपासून चढत चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. सात-आठ वर्षे सलग विमा असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर हा बोनस शून्य दिसला, तर नजीकच्या काळात दावा घेतला असण्याचा संभव आहे. मग विमा कंपनीकडे मालकाकरवी विचारणा करा, दावा कसला होता. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. "तुम्हाला पन्नास टक्के बोनसची पॉलिसी आयती मिळेल" हे खोटे आहे.

परराज्यातली गाडी

अलीकडे दिल्लीच्या नंबरच्या डिझेल गाड्या आपल्याकडे स्वस्तात येतात. कारण साधे आहे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. पुढे त्या आदेशांत बदल होत गेले, पण गाड्या बाहेर काढण्याचा ओघ सुरू झाला तो झालाच. गाडी चांगलीही असू शकते. पण तिथल्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला म्हणजे फॉर्म २८ हवा, इथे नव्याने नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. हे सगळे मिळवून बेरीज करा, मग स्वस्त की महाग ते ठरवा. दाखल्याशिवायची परराज्यातली गाडी कुणी फुकट दिली तरी दारात लावू नये.

पैसे आणि नाव

सगळे पटले, मग पैसे. ज्याचे नाव आर.सी.वर त्याच्याच बँक खात्यात द्या. रोखीने नको. शक्य असेल तर थोडी रक्कम नाव लागेपर्यंत हातात ठेवा आणि तसे चिठ्ठीत लिहा. फॉर्म २९ विकणाराने द्यायचा आणि फॉर्म ३० घेणाराने. विकणाराने चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे, घेणाराने तीस दिवसांत. चौदा दिवस हा आकडा आपल्याला नवा नाही, ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत बिल मिळावे म्हणून आपणच भांडतो. अर्ज आता परिवहनच्या संकेतस्थळावर भरता येतो आणि मोबाइलवर ओ.टी.पी. येतो. तेव्हा विकणाराचा आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हे व्यवहाराच्या दिवशीच पाहून घ्या. नाहीतर त्याच्यामागे फिरावे लागते.

विमाही तुमच्या नावावर चौदा दिवसांत करून घ्यायचा. तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा गाडीबरोबर आपोआप येतो असे कायदा धरतो, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे नाव बदलल्याशिवाय मागता येत नाहीत. दहाव्या दिवशी गाडी झाडावर आदळली आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असली तर दुरुस्ती स्वखर्चाने. विमा संपलेली गाडी तर घरापर्यंतसुद्धा चालवत आणू नका. पहिल्या वेळी दोन हजार दंड आहे, पण खरी भीती दंडाची नव्हे. ती काय असते ते वर लिहिलेच आहे.

आणि विकणाऱ्या सभासदांसाठी दोन शब्द. कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका. घेणाराचे नाव, पत्ता, तारीख भरल्यावरच सही करा आणि अर्ज दिल्याची पोच स्वतःजवळ ठेवा. गाडी धंदेवाल्याला देत असाल तर एप्रिल २०२३ पासून नवा नियम आहे. त्याने आर.टी.ओ.कडून अधिकृत व्यापारी म्हणून दाखला घेतलेला असावा लागतो, आणि गाडी त्याच्या ताब्यात देताना दोघांनी मिळून फॉर्म २९-सी भरला की पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. दादांच्या वेळी हा फॉर्म नव्हता. आज आहे, तरी तो मागणारे फार थोडे. व्यापारी दाखला दाखवायला काकू करू लागला तर गाडी परत घरी आणा. फास्टॅग तुमच्या खात्याला जोडलेला असेल तर तोही त्याच दिवशी बंद करून टाका, नाहीतर टोल त्याचा आणि पैसे तुमचे.

आमची नोटरी अजून कपाटात आहे. गेल्या वर्षी शेजारच्या गावचे एक सभासद मोटार विकायला निघाले होते, ते सल्ला विचारायला आले. आम्ही काही बोललो नाही, तो कागद आणि त्याच्याखाली लावलेली प्राधिकरणाची नोटीस त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दोन्ही वाचले, चहा घेतला आणि घेणाऱ्याला फोन लावून सांगितले, "उद्या दहा वाजता आर.टी.ओ.तच भेटू. किल्ली तिथं देतो."